शिडीवर चढलेला मुलगा

ऑरेम, युटा

प्रिय बेबी,


तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि त्यानंतर डोळा लागला नाही. ‘मामा, मीटिंगमध्ये मी तुमच्या ब्रिगम यंगचं उदाहरण दिलं आणि सगळे गप्प झाले. आमच्या कॉलेजच्या त्या मुलाला संघातून काढायचा ठराव एकमताने मंजूर.’ खाली एवढंच, की वार्षिक अंकात लेख लिहायचाय, तारखा आणि आकडे पाठवा. पाठवतो. पण आधी सांग, ते उदाहरण तू कुठवर सांगितलंस? ‘एवढा मोठा खेळाडू, पण नियम मोडला म्हणून काढून टाकला’ इथवरच ना? मग ते अर्धंच झालं गं. त्या दिवाळीत गच्चीवर बसून मी तुला तेवढंच सांगितलं होतं, तेव्हा चूक माझ्यापासून सुरू होते.

आता नीट सांगतो. ब्रिगम यंग विद्यापीठ माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, प्रोव्होला. १८७५ सालचं. मॉर्मन चर्चचं. ते लोक स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात, चर्चच्या नावातच येशू ख्रिस्त आहे, तेव्हा अंकात ‘मॉर्मन’ लिहिलंस तरी ‘ख्रिस्ती नव्हे’ असं लिहू नकोस. त्यांना ते लागतं. इथे शिकायला येणारा प्रत्येक मुलगा एका आचारसंहितेवर सही करतो. दारू नाही, तंबाखू नाही, चहा-कॉफी नाही, मुलांनी दाढी ठेवायची नाही, लग्नाआधी शरीरसंबंध नाही. रविवारी त्यांचा संघ खेळतच नाही, आणि देशाच्या स्पर्धेचं वेळापत्रकही ते लक्षात घेऊन आखावं लागतं. मला या निष्ठेचा आदर आहे. तुझी मामी अंथरुणाला खिळली होती तेव्हा आमच्या दारातलं बर्फ शेजारचं मॉर्मन कुटुंबच उपसायचं, तुला माहीत आहे. त्या घरच्यांना आपण चहा विचारत नाही, लिंबाचं सरबत करतो, इतकी वर्षं. तेव्हा मामा त्यांच्या विरुद्ध बोलतोय असं मनात आणू नकोस.

२०११ चा फेब्रुवारी. त्यांच्या बास्केटबॉल संघाला असं वर्ष कधी लाभलं नव्हतं. जिमर फ्रेडेट नावाच्या मुलाने त्या हंगामात सामन्याला सरासरी २८.९ गुण केले. पुढे तो त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. २६ फेब्रुवारीला त्यांनी सॅन डिएगो स्टेटला त्यांच्याच मैदानावर हरवलं आणि संघ देशात तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला. २९ सामन्यांत २७ विजय. गावात दुसरा विषय नव्हता. फ्रेडेट लांबून चेंडू टाकायचा, पण रिंगखालची जागा ज्याच्या जिवावर मोकळी व्हायची तो ब्रँडन डेव्हिस. सहा फूट नऊ इंच उंच, वय १९, दुसऱ्या वर्षाला. सरासरी ११.१ गुण, आणि रिंगवर आपटून परतणारे सहा-सहा चेंडू, म्हणजे रिबाउंड, तो एकटा काढायचा. बाहेरून आणलेला नव्हे, प्रोव्होचाच. इथल्याच हायस्कूलमध्ये खेळून मोठा झालेला.

१ मार्चला विद्यापीठाने जाहीर केलं: आचारसंहितेच्या भंगामुळे डेव्हिसला उरलेल्या हंगामासाठी संघातून काढलं आहे. दुसऱ्याच दिवशी न्यू मेक्सिकोशी घरच्या मैदानावर सामना होता. ८२-६४ ने हरले. झालं, एवढे तुझे आकडे.

आणि नेमकं काय घडलं होतं? वर्तमानपत्रांनी दोन दिवसांत ते छापलं, काही झाकून न ठेवता. मी तुला ते लिहून पाठवणार नाही, आणि तूही शोधून लेखात घालू नकोस. बेबी, इथे माझं डोकं तापतं. विद्यापीठाने कारण सांगितलं नव्हतं, ‘संहितेचा भंग’ एवढंच म्हटलं होतं. पण आकाशातला तारा तुटावा तसा हंगामाच्या ऐन भरात खेळाडू संघातून गेला, तर लोक कारण हुडकणारच. मग सगळ्या देशात वाहवा सुरू झाली. बघा, जिंकण्यापेक्षा तत्त्व मोठं मानणारी संस्था! दूरचित्रवाणीवर, रेडिओवर, सगळीकडे. शेजारच्यांच्या दिवाणखान्यात बसून मी ते ऐकत होतो आणि मान डोलवत होतो. मग एकदम मनात आलं, ही वाहवा कशावर उभी आहे? एकोणीस वर्षांच्या पोराच्या लाजेवर. संस्थेची मान जेवढी उंच, तेवढी त्याची खाली. शिक्षा द्यायला माझी ना नाही. सही केली होती, शब्द मोडला, किंमत मोजावी लागणार. त्याने ती मोजली, तक्रारीचा सूर काढला नाही. पण शिक्षा देणाऱ्याने त्या शिक्षेतून स्वतःसाठी शोभा काढू नये. तुझा मेसेज वाचून झोप उडाली ती ‘सगळे गप्प झाले’ या शब्दांवरून. त्यात तुला जरा बरं वाटलेलं दिसलं मला. रागावू नकोस. मी तुला लहानपणापासून ओळखतो.

आपल्या बापूचंही असंच झालं होतं. वसतिगृहाच्या फळ्यावर शिक्षेसोबत त्याचं नाव किती दिवस होतं, आठवतं? तुला कसं आठवेल, तू जन्मलीही नव्हतीस. पण तुझ्या आईने सांगितलं असेल. चौदा दिवस. रोज जेवणाची घंटा झाली की सगळं वसतिगृह त्या फळ्यासमोरून जायचं. रेक्टर वाईट माणूस नव्हता, मी आजही तसंच म्हणेन. नियमाने वागणारा होता. त्याने शिक्षा लिहिली, पण परत कधी यायचं ते लिहिलं नाही. एवढंच राहून गेलं. मी परीक्षेच्या नादात होतो. आज जातो उद्या जातो करत बापूच्या खोलीवर गेलो तेव्हा गादी गुंडाळलेली होती. पुढचं मी लिहीत नाही. त्याची ती निळी पेटी तुझ्या आईने अजून ठेवली असेल.

म्हणून आता त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग ऐक, आणि लेखात घालणार असशील तर हाच घाल. काढल्यानंतर चौथ्या दिवशी, ५ मार्चला, मॅरियट सेंटरमध्ये वायोमिंगशी सामना होता. घरच्या मैदानावरचा त्या हंगामातला शेवटचा. तेव्हा बावीस हजारांवर माणसं मावायची एवढं ते सभागृह. ते जिंकले आणि त्यांच्या गटातल्या विद्यापीठांच्या परिषदेचं अजिंक्यपद वाटून घेतलं. इथे अशी पद्धत आहे की अजिंक्यपद मिळालं की रिंगखाली शिडी लावतात, आणि एकेक खेळाडू वर चढून कात्रीने जाळीचा तुकडा कापून घेतो. त्या दिवशी डेव्हिस संघाबरोबर बाकावर बसला होता, खेळाच्या कपड्यांत नव्हे, साध्या. आणि त्याची पाळी आली तेव्हा तोही शिडीवर चढला. ज्या गावाने त्याला त्या आठवड्यात काढलं, त्याच गावाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

शेजारच्या आजोबांनी डोळे पुसले. ते कडक माणूस आहेत, संहितेचं एक अक्षर सोडणार नाहीत. मला म्हणाले काहीच नाहीत. मीही बोललो नाही. पण मला बापू दिसत होता, आणि त्या फळ्याखाली कुणी शिडी लावली नव्हती हे दिसत होतं.

संघ पुढे देशाच्या स्पर्धेच्या बाद फेरीत फ्लोरिडाकडून जादा वेळेत ८३-७४ ने हरला, शेवटच्या सोळा संघांत पोचून. डेव्हिस असता तर, असं इथे अजून कुणी ना कुणी म्हणतं. ते सोड. मोठी गोष्ट ही, की पुढच्या हंगामात तो परत आला. त्याच गावात, त्याच संघात. दोन वर्षं खेळला. शेवटच्या वर्षी सरासरी १७.७ गुण, आठ रिबाउंड. एनबीएच्या निवडीत त्याचं नाव पुकारलं गेलं नाही, तरी फिलाडेल्फियाकडून खेळला, मग युरोपात लिथुआनिया, बार्सिलोना. २०२१ साली तर आफ्रिकेच्या स्पर्धेत युगांडाकडून उतरला. त्याआधी दहा वर्षं ज्याच्या नावाचा घराघरांत काथ्याकूट झाला त्याचं हे आयुष्य. हे सगळं खेळातल्या गुणांनी झालं हे खरंच. पण दार लावताना कडी बाहेरून घातली नव्हती म्हणूनही झालं.

सगळं गोड होतं असंही समजू नकोस. डेव्हिस कृष्णवर्णीय, आणि या गावात तसे चेहरे बोटांवर मोजण्याइतके. याच चर्चमध्ये १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद मिळत नव्हतं. तेव्हा त्याला काढल्यावर काहींनी विचारलं, की ही संहिता सगळ्यांना एकाच मापाने लागते का. हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. तुझ्या कॉलेजातही तो विचार. वसतिगृहात नियम मोडला गेला त्या रात्री किती मुलं होती? ठरावात नाव एकाचंच का? तो मुलगा कुठून आलाय, फी कोण भरतं, घरी विचारायला कुणी आहे का, हे मीटिंगमध्ये कुणी विचारलं? की माझं उदाहरण ऐकून सगळे गप्प झाले तेव्हा हे सगळे प्रश्नही गप्प झाले?

तू म्हणशील, मामा, मी तारखा मागितल्या आणि तुम्ही मलाच धारेवर धरलं. धरलं, बाळा. तू घरातले नाना गेल्यावर सगळ्यांना सांभाळलंस, खेळाडू मुलींना मासिक पाळीच्या दिवसांत सुट्टी द्यायची का यावर जिमखान्यात भांडलीस, तू कठोर नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून तर लिहितोय. कठोर माणसाला मी पत्र लिहिलं नसतं.

ठराव रद्द कर असं म्हणत नाही. या हंगामापुरतं खेळू नको म्हणा. पण त्याच कागदावर तारीख लिहा: अमुक दिवशी सरावाला यायचं. तुझ्या सहीने लिही. ठराव फळ्यावर लावला असेल तर आजच काढून घे, शिपायाला सांगू नकोस, स्वतः जाऊन काढ. स्थानिक पेपरात बातमी दिली असेल तर... दिलीस का गं? त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. सामन्याला त्याला संघाबरोबर बसव. पाण्याच्या बाटल्या धरू दे, काहीही करू दे, पण मुलांच्या रांगेत बसू दे.

आणि लेख नंतर. आधी त्या मुलाच्या खोलीवर जा. इथे आता सकाळचे सहा वाजलेत, म्हणजे तुझ्याकडे संध्याकाळ. मेसमध्ये जेवणं अजून सुरू व्हायची असतील. तो जेवायला येतो का बघ. नसेल येत तर किती दिवस नाही, ते मेसवाल्याला विचार, त्याला नेमकं माहीत असतं. त्याच्या गावाला जाणारी रात्रीची एसटी किती वाजता सुटते? तुझा फोन आला नाही तर मीच करेन, कितीही वाजले तरी उचल.

तुझा
अण्णामामा