मंग इथं कोन होतं?

समुद्रपूर, जि. वर्धा

चि. भाचीबाईस,


पत्र मिळालं. इतिहासाच्या तासाला पोरं भलतंसलतं विचारतात आणि धडा बाजूला राहतो, ही तुझी तक्रार वाचली. माझं म्हणणं, राहू दे धडा बाजूला. परीक्षेपुरता तो मार्गदर्शकात असतोच.

‘शिवाजी महाराज आपल्या गावाला आले होते का?’ हा प्रश्न मराठी मुलखातल्या प्रत्येक शाळेत निघतो. त्याला थापा मारून उत्तर देऊ नकोस. महाराजांच्या फौजा १६७० मध्ये वऱ्हाडात कारंज्यापर्यंत पोचल्या. आपल्या बाजूला तेव्हा देवगड आणि चांद्याच्या गोंड राजांचा अंमल होता. मराठे इथे स्थिरावले ते पुढच्या शतकात, नागपूरकर रघूजी भोसल्यांबरोबर. हे ऐकून पोरं हिरमुसतात, हिरमुसू देत. कारण त्यातलंच एखादं लगेच विचारतं, ‘मंग इथं कोन होतं?’ मोलाचा प्रश्न हा.

इथं कोण होतं, याचा आपल्या तालुक्याजवळचा एक लेखी पुरावा म्हणजे जांबचा ताम्रपट. पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनानं आपल्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षी, रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून तो दिला. कोथुरक नावाचं गाव एका ब्राह्मणाला दान केल्याचा हा लेख. त्यात गावाच्या चतुःसीमा दिल्या आहेत. एका अंगाला उमा नदी, दुसऱ्या अंगाला मंडुकीग्राम. ताम्रपटांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी उमा म्हणजे आपली वणा आणि मंडुकीग्राम म्हणजे आपलं मांडगाव असं ठरवलं. रोज एसटीच्या पाटीवर दिसणारं मांडगाव दीड हजार वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदात आहे, हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा सरसावून बसतात.

मोठी माणसं आणखी पुढे जातात. कोणी विचारतं, वाकाटक कोणाचे? म्हणजे जातीनं. विष्णुवृद्ध गोत्राचे ब्राह्मण, एवढं सांगून मी तो विषय मिटवतो. त्यात फारसा रस नाही. खरा प्रश्न शेतकऱ्याचा असतो. चतुःसीमा ऐकून तो म्हणतो, ‘म्हंजे सातबाराच झाला की हा! पन मास्तर, ते वावर त्याच्याआधी वाहत कोन होतं?’

आता बघ, वावर वाहणाऱ्याचं नाव ताम्रपटात येत नाही. राजा येतो, त्याचे पूर्वज येतात, दान घेणारा गोत्रासकट येतो. पण वाकाटकांच्या दानपत्रांत सवलतींची एक ठरीव यादी असते. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. गावानं गाई-बैल द्यायचे नाहीत. फुलं आणि दूध द्यायचं नाही. फिरतीवर आलेल्या अंमलदाराला चारा, बसायला कातडं आणि कोळसा पुरवायचा नाही. मिठासाठी खणायचं नाही. ही सूट दान दिलेल्या गावाला. मग शेजारच्या, दान न दिलेल्या गावाला काय द्यावं लागत असेल, ते याच यादीतून उलटं वाचून घ्यावं. शेतकऱ्याचं नाव कळत नाही, पण त्याच्या गोठ्यातून काय जात होतं ते कळतं. माझ्या मते पाठ्यपुस्तकातल्या ‘सुवर्णयुगा’पेक्षा हे चार ओळींचं ज्ञान जास्त खरं आहे.

आणि ‘इथं कुठं धन पुरलंय का?’ या प्रश्नाला तू हसतेस, तेही बरं नाही. त्याच यादीत लिहिलेलं असतं की गावाबरोबर जमिनीतला निधी आणि ठेवही दान घेणाऱ्याची. पुरलेल्या धनाची चिंता खुद्द राजाच्या कारकुनालाही होती. आपल्या गुप्तधनवाल्यांना ही परंपरा ठाऊक नाही, एवढंच. खोदायला मात्र कोणाला उत्तेजन देऊ नकोस.

गिरडच्या टेकडीवरचा प्रश्न जरा नाजूक. तिथले ते सुपारी-जायफळाएवढे गोल दगड म्हणजे सूफी संत बाबा फरीदांनी दगड केलेला व्यापाऱ्याचा माल, अशी लोककथा आहे. भूशास्त्र म्हणतं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या पोकळ्यांत खनिजं साचून असे गोळे होतात. मुलांना दोन्ही सांग. पण एका पोरीनं मला याहून अवघड विचारलं होतं: बाबा फरीदांची कबर पाकिस्तानात पाकपट्टणला आहे, तर मग ते गिरडला कसे? सूफींमध्ये संतानं जिथे तप केलं अशी श्रद्धा असते त्या जागेलाही, म्हणजे चिल्ल्यालाही, मोठा मान असतो. गिरडला हिंदू आणि मुसलमान दोघंही नवस फेडायला येतात. बाबा तिथे होते का, यापेक्षा लोक इतकी शतकं का येतात, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

हिंगणघाटला एका गोऱ्या साहेबाची कबर आहे. ‘त्याले इथं मराले काय काम होतं?’ काम होतं मोजणीचं. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासहून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, आणि हैदराबादहून नागपूरला निघालेला हा म्हातारा जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याचं काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं चालवलं. त्या आडनावाचं शिखर पोरांना माहीत असतंच.

तू धड्याआधी पाच मिनिटं नुसते प्रश्न लिहून घेत जा. ज्यानं विचारला त्याचं नाव प्रश्नापुढे लिही, वर्गातल्या ढ म्हणवणाऱ्याचंसुद्धा. आणि दिवाळीनंतर मुलांना नागपूरच्या अजब बंगल्यात घेऊन जा. १८६३ पासूनचं संग्रहालय आहे. ताम्रपट, शिलालेख डोळ्यांनी बघू देत. सोमवार टाळ, त्या दिवशी बंद असतं.

तुझा,
मामा