चंचल चित्त आणि कॉलेजचा अभ्यास

आपल्या खेड्यांतील मुले उच्च शिक्षणासाठी परगावी जाऊ लागली आहेत, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यांतील काही मुले पहिल्याच वर्षी अडखळतात, आणि मग घरी एकच निवाडा ऐकू येतो: ‘पोराला शहराचे वारे लागले.’ हा निवाडा कधी खरा असेलही. पण तो प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही. आमच्या घरी घडलेली एक हकिकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटते ते एवढ्याचसाठी.

मराठवाड्याचा आणि हैदराबादचा ऋणानुबंध जुना आहे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तोवर आमच्या वाडवडिलांची राजधानी हैदराबादच होती. १९०७ साली तेथे स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीत आणि १९१८ सालच्या उस्मानिया विद्यापीठात मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. तेव्हा आमच्या पुतण्याने बारावीनंतर हैदराबादच्या एका कॉलेजात विज्ञान शाखेत नाव घातले, याचे कोणास नवल वाटले नाही. त्याच्या वडिलांनी त्यासाठी कर्ज काढले आणि विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा गहाण टाकला.

पहिल्या वर्षी चार विषय गेले. गावात कुजबुज सुरू झाली. मुलगा व्यसनी नव्हता, उनाड नव्हता, बुद्धीने तर मुळीच मंद नव्हता. तो सांगे, “काका, मी पुस्तक उघडून बसतो. डोळे ओळींवरून फिरतात. पान संपते, आणि काय वाचले ते मला सांगता येत नाही.” फी भरण्याची तारीख तो विसरे, खोलीची किल्ली हरवी, उद्याच्या कामास आज रात्री बारा वाजता प्रारंभ करी. दुसऱ्या वर्षीही असेच झाले तर शिक्षण सुटणार आणि जमीनही जाणार, हे घरात सर्वांस दिसत होते.

कॉलेजातील एका अध्यापकांच्या सल्ल्यावरून तो मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी त्याच्या बालपणाची बारकाईने चौकशी केली, शाळेची जुनी प्रगतिपुस्तके मागविली, आणि निदान केले: ए. डी. एच. डी., म्हणजे अवधान कमी पडणे व अतिचंचलता.

हे नाव नवे असले तरी ही अवस्था नवी नाही. स्कॉटलंडचे वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ सालीच अवधान न टिकणाऱ्या माणसांविषयी लिहून ठेवले आहे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांवर व्याख्याने दिली. पण त्यांनीही या दोषाचा संबंध नैतिक संयमाच्या अभावाशी जोडला. एवढ्या विद्वानास तसे वाटले, मग खेड्यातील आजोबांनी नातवास ‘आळशी’ म्हटले तर त्यात आश्चर्य ते काय? आज वैद्यकशास्त्र सांगते की, ही मेंदूच्या वाढीतील भिन्नता आहे, ती पुष्कळदा आनुवंशिक असते, आणि तिची लक्षणे लहानपणापासून असतात.

मग ती गावी का दिसली नाहीत? याचे उत्तर आम्हांस फार विचार करण्याजोगे वाटले. गावी त्याचा दिवस दुसऱ्यांनी आखून दिलेला असे. पहाटे आई उठवी. चर्चच्या घंटेवर वेळ कळे. शाळेची घंटा, गुरांचे पाणी, संध्याकाळची प्रार्थना, सारे ठरलेले. अभ्यासालाही कंदिलाभोवती चार भावंडे एकत्र बसत. हैदराबादेत घंटा नव्हती आणि आईची हाकही नव्हती. होता हातातला मोबाईल आणि दिवसभराचे स्वातंत्र्य. ज्या चौकटीच्या आधाराने वेल चढला होता, ती चौकटच निघाली. कॉलेजात गेल्यावरच हा दोष अनेकांच्या ध्यानात येतो, तो यामुळेच.

डॉक्टरीणबाईंनी औषधांचीही माहिती दिली. या विकारावर गुणकारी औषधे आहेत आणि ती घेण्यात कमीपणा नाही. परंतु मुलाची इच्छा प्रथम औषधाविना प्रयत्न करून पाहण्याची होती. त्यांनी ती मान्य केली; मात्र दरमहा भेटण्याची अट घातली आणि एका सत्रानंतर पुन्हा विचार करू असे बजावले. पुढे त्याने जे केले ते सारे एका वाक्यात सांगता येईल: डोक्यात जी चौकट टिकत नव्हती, ती त्याने डोक्याबाहेर उभी केली.

पहिली गोष्ट जागेची. वसतिगृहाच्या खोलीत तिघे राहत. तेथे अभ्यास होणे नव्हते. चिक्कडपल्ली येथे शहराचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. स्पर्धापरीक्षा देणारी शेकडो मुले तेथे दिवसभर माना खाली घालून बसलेली असतात. तो त्यांच्यात जाऊन बसू लागला. शेजारचा अनोळखी मुलगा वाचीत असला की आपलेही चित्त ठिकाणावर राहते, असा त्याचा अनुभव. आपल्याकडे एकट्याने खुरपणी करवत नाही, पण दहाजणींच्या ओळीत पात धरली की उन्हाचेही भान राहत नाही, तसेच हे.

दुसरी गोष्ट कामाचे तुकडे पाडण्याची. ‘आज रसायनशास्त्र करायचे’ असे तो लिहीत नाही. ‘पाच पाने वाचून तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची’ असे लिहितो. पंचवीस मिनिटांचे घड्याळ लावतो, पाच मिनिटे उठून फिरतो, पुन्हा बसतो. वाचताना हातात पेन्सिल असते आणि प्रत्येक पानाखाली त्याचे सार स्वतःच्या एका वाक्यात लिहिलेले असते. मोबाईल त्या वेळी बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवलेला असतो.

तिसरी गोष्ट वहीची. स्मरणावर काहीच सोपवायचे नाही, हा नियम. फी, परीक्षा, प्रयोगवही, दळण, सारे एकाच वहीत, आणि ती वही रोज सकाळी एकाच वेळी उघडायची. ही युक्ती केवळ घरगुती नव्हे. २०१० साली न्यूयॉर्क येथे मेरी सोलॅन्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विकार असलेल्या ८८ प्रौढांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या गटास १२ आठवडे वेळेचे नियोजन व कामाची आखणी शिकविली गेली, त्याचे अवधान केवळ धीर देण्यात आलेल्या गटापेक्षा अधिक सुधारले.

चौथी गोष्ट देहाची. रात्री उशिरापर्यंत जागण्याची त्याची जुनी खोड. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी चित्त दुप्पट उधळते. म्हणून अकरा वाजता दिवा मालवायचा आणि पहाटे उस्मानियाच्या विस्तीर्ण आवारात तासभर वेगाने चालायचे, असा क्रम त्याने ठरविला. चालून आल्यानंतरचे दोन तास सर्वांत चांगले जातात, असे त्याचे म्हणणे; म्हणून अवघड विषय तेव्हाच घ्यायचे.

हे सर्व सुरळीत पार पडले असे मात्र कोणी समजू नये. दिवाळीनंतर तीन आठवडे वही उघडलीच गेली नाही, आणि घरी फोन करणेही त्याने बंद केले. तेव्हा त्याच्या आईने एक गोष्ट केली. ‘किती अभ्यास झाला?’ हा प्रश्न तिने सोडून दिला. रोज सकाळी सहा वाजता ती फोन करी आणि एवढेच विचारी, “उठलास का बाळा? आज वहीत पहिले काय लिहिले आहे?” घंटेची जागा आईच्या हाकेने पुन्हा घेतली. गेलेल्या चार विषयांपैकी तीन त्या वर्षी सुटले. चौथा अजून बाकी आहे. दुसऱ्या वर्षाचे सारे विषय निघाले. औषधाचा विचार डॉक्टरीणबाईंनी मिटविलेला नाही. गरज भासली तर तो घेईल आणि आम्हीही त्याला घे म्हणू.

पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, आपल्या मुलाचे लक्ष लागत नसेल तर प्रथम त्याची बालपणापासूनची चाल आठवून पाहावी आणि जाणत्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. झोपेचा अभाव, चिंता, खिन्नता यांमुळेही चित्त विचलित होते. ते ओळखणे डॉक्टरांचे काम. हैदराबादेत एर्रगड्डा येथे सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. गावात राहूनही १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. ही सेवा सरकारने २०२२ साली सुरू केली. जाहिरातींतील स्मरणशक्तीची चूर्णे विकत घेऊ नयेत, आणि मित्राने दिलेली गोळी तर मुलांनी कदापि घेऊ नये.

आळस असेल तर तो रागावल्याने कदाचित जाईल. पण ज्याचे चित्त जन्मतःच चंचल आहे, त्याला रागावून ते स्थिर होत नाही. त्याच्याजवळ कोणी बसावे लागते, त्याला वेळेवर हाक मारावी लागते. हे काम घरातील कोणीही करू शकेल, आणि त्यासाठी जमीन गहाण टाकावी लागत नाही.