पाठमोऱ्यांची शर्यत

गोव्यात जन्मलेल्या माणसाला पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ, कुठली ना कुठली नदी त्याच्या वाटेत आडवी येतेच. पूल झाले, रस्ते झाले, तरी फेरीबोटीच्या धक्क्यावर ताटकळणं आपल्या नशिबातून पुरतं गेलेलं नाही. पण होडी वल्हवणं हा एक खेळ आहे, त्याला ऑलिम्पिक आणि एशियाडमध्ये मानाचं स्थान आहे, हे आपल्याला चटकन आठवत नाही. आपल्या लेखी होडी म्हणजे पलीकडे जायचं साधन. पोचलो की विसरलो.

आणि गंमत बघा, या खेळात ऑलिम्पिकपर्यंत पोचलेला दत्तू भोकनळ हा मराठी मुलगा आला कुठून, तर नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातून. गाव तळेगाव रोही. दुष्काळी मुलूख. वडील विहिरी खोदायचे आणि मुलगाही त्यांच्या हाताखाली खोदायला जायचा. आपल्याकडे पाणी दारात येतं. त्यांच्याकडे ते दगड फोडून खालून वर काढावं लागतं. २०११ साली वडील गेले. घर चालवायला त्याने पेट्रोल पंपावरही काम केलं. २०१२ मध्ये तो सैन्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये दाखल झाला आणि तिथे त्याच्या हाती वल्ही आली. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची!

या खेळाची रीत आपल्या होडीहून अगदी उलटी. आपला तारी पुढे बघून वल्हं मारतो. इथे खेळाडू पाठमोरा बसतो. जायचं असतं त्या दिशेला पाठ आणि मागे पडलेल्या पाण्याकडे तोंड. बसायची पाटी चाकांवर पुढेमागे सरकते, त्यामुळे खरा जोर दंडांचा नसतो, पायांचा असतो. गुडघे छातीशी आणून वल्ही पाण्यात घालायची, पाय ताणून सगळं अंग मागे लोटायचं, वल्ही उचलायची, पुन्हा पुढे सरकायचं. अंतर २००० मीटर. एकट्याच्या नौकेला त्यासाठी सात मिनिटांच्या आसपास लागतात. पहिल्या मिनिटातच मांड्या पेटतात. पुढची सहा मिनिटं त्या आगीवरच काढायची असतात. आणि ही एकट्याची नौका तरी कशी, तर आठेक मीटर लांब, पण वजन जेमतेम १४ किलो. तोल जायला एक चुकलेला फटका पुरतो.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला दत्तू गेला तेव्हा भारताकडून या खेळात तो एकटाच होता. आई अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली. पोरगा कुठे निघाला आहे हे तिला सांगून कळण्यासारखी परिस्थिती नव्हती. तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, तिथे चौथा आला. पुढे त्याच्या वाट्याला ‘क’ गटाची अंतिम शर्यत आली. ही शर्यत जिंकणाऱ्याला पदक मिळत नाही. जिंकून जास्तीत जास्त काय होता येतं, तर जगात तेरावा. दत्तूने ती जिंकली. ६ मिनिटं ५४.९६ सेकंद ही त्या स्पर्धेतली त्याची सर्वांत चांगली वेळ. पदकाची आशा संपल्यावर माणूस आपली सर्वांत चांगली वेळ देतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्याकडे तेरा आकड्याची आठवण फक्त तेराव्याच्या जेवणाला होते.

दोन वर्षांनी एशियाड. २०१८ चा ऑगस्ट. स्पर्धा जकार्ता आणि पालेम्बांग या दोन शहरांत वाटलेल्या, आणि नौकानयन पालेम्बांगच्या जाकाबारिंग तलावात. २३ तारखेला एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तू होता. लोकांनी पदक धरूनच ठेवलं होतं. तो शेवटचा, सहावा आला. वेळ आठ मिनिटांहून जास्त. मध्येच त्याची वल्ही थांबली होती. तब्येत बिघडली होती, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी भारताच्या एकाही नौकेला पदक मिळालं नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गावात एक म्हातारा तारी होता. पावसाळ्यात नदीला ओढ असली की मध्यावर येऊन तो वल्हं उचलून धरायचा. होडी खाली वाहत जायची आणि बायका घाबरून त्याला शिव्या घालायच्या. तो ऐकून घ्यायचा. ओढ कमी झाली की पुन्हा वल्हं घालायचा आणि लोकांना पलीकडे नेऊन सोडायचा. काठावरच्या माणसाला त्याचं थांबणं आळस वाटे. होडीत बसून नदी पार केलेला माणूस मात्र तसं म्हणत नसे. शर्यतीत थांबणं आणि धंद्यात थांबणं एक नव्हे, हे मला कळतं. तरीही कोणी मध्येच थांबला की तो का थांबला हे काठावरून सांगू नये, एवढं मी त्या म्हाताऱ्याकडून शिकलो.

दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या नौकेची अंतिम शर्यत होती. सवर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू. चौघेही फौजी. यातला सवर्ण सिंग २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला एकेरीत उतरलेला, म्हणजे एकट्याच्या नौकेचं दुःख जाणणारा. चौघांच्या हातांत दोन-दोन, मिळून आठ वल्ही. ती एका क्षणी पाण्यात शिरली पाहिजेत आणि एका क्षणी बाहेर आली पाहिजेत. एकाने अंग चोरलं तर नौकेला ते लगेच कळतं. सुकाणू सांभाळून ओरडणारा कोणी नसतो. आदल्या दिवशी कोसळलेला माणूस सोबत घेऊन उरलेले तिघे बसले. त्यांनी काय बोलून घेतलं असेल? की काहीच बोलले नसतील? ते त्यांचं त्यांना ठाऊक. भारताने ६ मिनिटं १७.१३ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. यजमान इंडोनेशिया दुसरा, थायलंड तिसरा. २०१० मध्ये ग्वांगझूला बजरंगलाल ताखरने मिळवलेल्या सुवर्णानंतर या खेळातलं हे आपलं एशियाडमधलं दुसरंच सुवर्ण.

आपल्याकडे सूतां पुनवेला दोन दिवस होते. दर्याला नारळ वाहायची तयारी चाललेली. पण ज्याच्या-त्याच्या तोंडी कबड्डी. पुरुषांचा संघ आदल्या दिवशी इराणकडून हरलेला, त्या दिवशी बायकांचाही हरला. हातचं गेलेलं सोनं उगाळण्यात आलेलं सोनं मागे पडलं.

पुढची हकीगत अधिक कडू. मार्च २०१९ मध्ये रोइंग महासंघाने दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. कारण २३ ऑगस्टची ती शर्यत. ती त्याने अर्ध्यावर सोडल्याचा ठपका. जानेवारी २०२० मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे सुवर्ण, बंदी आणि अर्जुन, हे सगळं सुमारे दोन वर्षांत, एकाच माणसाच्या पदरात. शिस्त हवी, देशाचा गणवेश घातलेल्याला जाब विचारायलाही हवा. पण २३ तारखेचा हिशेब मांडताना २४ तारीख खोडता येते का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

चौघांच्या नौकेत एक नियम आपोआप पाळला जातो. सगळ्यांत पुढे काय आहे ते कोणालाच दिसत नाही. प्रत्येकाला दिसते ती समोरच्याची पाठ, आणि ज्याच्यासमोर कोणी नसतं त्याला दिसतं फक्त मागे गेलेलं पाणी. त्या सकाळी पालेम्बांगला दत्तूची पाठ त्याच्या सोबत्याने पाहिली असेल, किंवा त्याने सोबत्याची. कालचा दिवस त्या पाठीवर लिहिलेला नव्हता. तिघांनी त्याच्या वल्ह्यावर भरवसा ठेवला, आणि सहा मिनिटं सतरा सेकंदांत तो खरा ठरला.