वाट पडते, मळते, मोडते

‘मुद्दाम वाकडी वाट करून आलो,’ असं म्हणत कुणी दारात उभं राहिलं, की चहाचं आधण ठेवायच्या आधीच त्याचं निम्मं बोलणं आपल्यापर्यंत पोचलेलं असतं. सरळ स्टँडवर जाऊन गाडी पकडता आली असती. हा माणूस आपल्यासाठी वळला. त्याच गावात एखाद्या पोराबद्दल ‘त्यानं वाकडी वाट धरली’ असं निघालं, की ऐकणारा मान खाली घालतो. वाट तीच, वाकडेपणाही तोच. फक्त एकानं ती केली आणि दुसऱ्यानं धरली. या शब्दावर माझा जीव आहे तो त्याच्या अशा क्रियापदांमुळे. नुसती ‘वाट’ म्हटली तरी तिच्यावर कुणीतरी चालताना दिसतं.

रस्ता बांधतात. त्याचं टेंडर निघतं, नारळ फुटतो, पाटी लागते. मार्ग आखतात. वाट मात्र पडते. पाय पडत गेले की पडते, वर्दळ असली की मळते, श्रावणात गवतात बुजते, दिवाळीनंतर पुन्हा उघडी होते, आणि माणसं जायची थांबली की मोडते. संस्कृतातल्या ‘वर्त्मन्’पासून प्राकृतातल्या ‘वट्ट’मधून ती आपल्याकडे आली, असं कोशकार सांगतात. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर पायी चालायला बंदी आहे. त्याला कुणी वाट म्हटल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

ती कशी पडते आणि कशी मोडते हे बघायचं तर सह्याद्रीत जावं. कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटांची नावंच बघा. लादलेले बैल चढायचे तो बैलघाट. खांडसहून भीमाशंकरला जाताना एक शिडीघाट, उभा आणि जवळचा. दुसरा गणपती घाट, लांबचा पण गुडघ्यांना बरा. रायगड-लिंगाण्याच्या बाजूला बोराट्याची नाळ. नाणेघाट तर सातवाहनांचा. जुन्नरच्या बाजारपेठेला कोकणातल्या बंदरांशी जोडणारी ही वाट दोन हजार वर्षं वापरात आहे. तिथल्या लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे चढली, आणि माल तिकडे वळला. त्यानंतर कितीतरी घाटवाटा हळूहळू मोडत गेल्या. मोडते म्हणजे काय होतं, ते वाटाड्याच्या मागून चालताना कळतं. तो पुढे कोयत्यानं कारवी सपासप छाटत जातो, मध्येच थांबून पायानं पाचोळा बाजूला सारतो, खाली झिजलेली एक पायरी निघते, मग तो निर्धास्त होऊन पुढे सरकतो. वळणावर दगडावर दगड ठेवतो, मागून येणाऱ्यासाठी. कोयता फिरला नाही, दगड ठेवला गेला नाही, तर चार-दोन पावसाळ्यांत वाट डोंगराच्या पोटात जाते.

थांबून राहण्याला आपण ‘वाट बघणं’ म्हणतो. गुजरातीत ‘वाट जोवी’, कोंकणीत ‘वाट पळोवप’, हिंदीतही जुनं ‘बाट जोहना’ आहेच. या साऱ्या भाषांनी येणाऱ्या माणसाआधी त्याच्या वाटेवर डोळे ठेवले. माझ्या आजीकडे घड्याळ नव्हतं. दिवस कलला की ती ओसरीच्या खांबाला टेकून ओढ्यापलीकडच्या चढाकडे बघत बसायची. त्या चढावर पांढरी टोपी दिसली की उठून तवा चुलीवर ठेवायची. चढ उतरून, ओढा ओलांडून, वाड्याच्या भिंतीला वळसा घालून आजोबा हातपाय धुवायला बसेपर्यंत पहिली भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर आलेली असायची. वाट केवढी आहे हे तिला भाकरीच्या हिशेबानं ठाऊक होतं. एखाद्या दिवशी टोपी दिसायला उशीर झाला, तर ती काही बोलत नसे. फक्त पदर कमरेला खोचून ओढ्यापर्यंत जाऊन यायची.

‘वाट लागली’ हा तर आता मुंबईच्या जिभेचा शब्द झाला. परीक्षेची, पोटाची, रविवारची, कशाचीही वाट लागते. पण पाहुण्याला ‘वाटेला लावणं’ म्हणजे वेशीपर्यंत जाऊन निरोप देणं, आणि त्यात केवढी आस्था आहे. अश्रूंना वाट करून देतात, औषध तोंडावाटे घेतात. कायद्यात सापडते ती पळवाट. आणि ‘माझ्या वाटेला जाऊ नकोस’ ही धमकी देणाऱ्याकडेही स्वतःची म्हणून एक वाट असावी लागते.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘वहिवाट’. पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्यामुळे मिळालेला हक्क, एवढा मोठा विचार चार अक्षरांत मावला आहे. चाललात म्हणून ती तुमची. पण जमीन दुसऱ्याची आहे, हेही त्यात आलंच. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं यासाठी वीस वर्षांचा अखंड, उघड वापर मागितला. गावात मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून लोक ‘आमची वहिवाट आहे’ एवढ्यावर भांडत आणि समेट करत आलेत.

आजोबा ज्या वाटेनं यायचे, ती पुढे एकानं बांध फोडून उसात घेतली. प्रकरण मामलेदार कोर्ट कायद्याखाली गेलं. हा 1906 चा कायदा. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो. गाव नकाशात ती दाखवलेली नाही, हे समोरच्याचं म्हणणं. नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं असतो, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं, सव्वाआठ फुटांचा, म्हणजे मोजणीच्या तेहतीस फुटी साखळीचा चौथा हिस्सा. आमच्या वाटेला एकेरी रेषाही मिळालेली नव्हती. स्थळपाहणीच्या दिवशी मंडळ अधिकारी बांधावर उभे, दोन्हीकडचे लोक मोठ्यानं बोलताहेत, आणि माझी चुलती सरळ उसात शिरली. ‘हितं उंबर व्हता. त्याच्या बुडाशी पाटी टेकवायची, श्वास घ्यायचा, मग फुडं.’ पाचट बाजूला केलं तर उंबराचं खोड खाली होतं, कापलेलं. ती पुढे आणि ते कागद घेऊन मागे, असे दोघं विहिरीपर्यंत गेले. ओढ्यात उतरायला ठेवलेले तीन चपटे दगड तिनं चिखल खरवडून दाखवले. पंचनाम्यात खोड आणि दगड दोन्ही आले, आणि निकाल वाटेच्या बाजूनं लागला.

2025 मध्ये शासनानं शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायचं ठरवलं. फार चांगलं झालं. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र शेतापर्यंत गेलंच पाहिजे. पण यंत्राच्या रुंदीत न बसणाऱ्या, डोक्यावर पाटी घेऊन जायच्या वाटांचं काय, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. तलाठ्यांनी नोंदी घ्यायला निघताना गाव नकाशाबरोबर माझ्या चुलतीसारख्या बायकांनाही बरोबर न्यावं. कुठल्या विहिरीला, कुठल्या मसणवाटीला, कुठल्या म्हसोबाला कुठून जातात हे त्यांना पाठ आहे, आणि त्यांपैकी बऱ्याच जणींनी आता सत्तरी ओलांडली आहे.