गाण्याखालचा आवाज

लग्नाच्या जुन्या कॅसेटची डीव्हीडी करणे हा विषय आता तसा शिळा झालाय. आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, डीव्हीडी कोण बघतं? मोबाईलवर टाक, क्लाउडवर चढव, मोकळा हो. बरोबर आहे. पण माझी आजी (आईची आई) वाईला राहते. तिच्याकडे टीव्ही आहे, टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर आहे आणि त्याचा रिमोट तिला पाठ आहे. तबकडी आत सरकवायची आणि मोठं बटण दाबायचं. झालं. त्या तबकडीवर मार्कर पेनने 'मावशीचे लग्न' असं लिहिता येतं आणि ती कपाटात साडीच्या घडीखाली ठेवता येते. क्लाउडला ही सोय नाही.

तर गेले तीन वीकांत मी या कामात घालवले. त्याचा हा वृत्तांत. काम तांत्रिक आहे, त्यामुळे मध्ये थोडे आकडे येतील. कंटाळा आला तर परिच्छेद गाळा, पण ऑडिओचा गाळू नका, खरी गंमत तिथे आहे.

माल काय होता?

मावशीचं लग्न १९९५ सालचं. मस्कतला असलेल्या मामाआजोबांनी तिकडून कॅमकॉर्डर आणला होता, त्यावर शूटिंग झालं. व्हीएचएस-सी प्रकारच्या तीन छोट्या कॅसेट, प्रत्येकी ४५ मिनिटांच्या. या कॅसेट एका मोठ्या खोक्यात (ज्याला अडॅप्टर म्हणतात) घातल्या की साध्या व्हीसीआरमध्ये चालतात. एक गोष्ट नशिबाने सोपी होती. आखाती देशातला कॅमेरा, म्हणजे पॅल पद्धतीचा. आपल्याकडेही पॅलच. अमेरिकेतल्या काकांचा कॅमेरा असता तर एनटीएससी निघाला असता, म्हणजे सेकंदाला २५ ऐवजी २९.९७ फ्रेम आणि ५७६ ऐवजी ४८० रेघा. तसं असेल तर पॅलमध्ये रूपांतर करायच्या भानगडीत पडू नका. सरळ एनटीएससी डीव्हीडी बनवा, आपल्याकडचे बहुतेक प्लेअर ती बिनतक्रार चालवतात. रूपांतरात हालचाल अडखळते आणि हाती काही लागत नाही.

आधी कॅसेटच्या खिडकीतून टेप नीट बघून घ्यावी. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट चालवली तर व्हीसीआरचं हेडही बरबटतं आणि टेपही फाटू शकते. आमच्या तिन्ही कॅसेट साड्यांच्या कपाटात असल्याने कोरड्या राहिल्या होत्या. आजीचं कपाट म्हणजे आमच्या घराण्याचं डेटा सेंटर.

व्हीसीआर मिळवणं हे मात्र दिव्य. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं आणि नवीन व्हीसीआर बनणंच बंद झालं. त्यामुळे जे काही आहे ते लोकांच्या माळ्यावर. माझ्या एका मित्राच्या बाबांनी त्यांचा जुना हाय-फाय व्हीसीआर दिला. 'हाय-फाय' हा शब्द लक्षात ठेवा.

चित्र

पहिला नियम: कॅसेटवरून थेट डीव्हीडीचा फॉरमॅट बनवू नये. आधी एक अस्सल प्रत करावी, जिच्यातलं काहीही टाकून दिलेलं नाही. पॅल चित्र ७२० गुणिले ५७६ चं. काहीही न दाबता साठवलं तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. मी एफएफव्ही-१ नावाचा कोडेक वापरला. तो फाईल निम्म्याहून लहान करतो, पण उलगडल्यावर प्रत्येक बिंदू जसाच्या तसा परत देतो. हार्ड डिस्क स्वस्त आहेत, आजोबा एकच होते.

दुसरी गोष्ट इंटरलेसिंगची. जुन्या टीव्हीचं चित्र एकदम येत नसे. आधी १, ३, ५ अशा विषम रेघा, मग २, ४, ६ अशा सम. सेकंदाला २५ चित्रं खरी, पण ५० अर्धी चित्रं. ते संगणकावर बघितलं की हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. ते दात दिसले की लोक घाबरून 'डीइंटरलेस' करून टाकतात. डीव्हीडीसाठी ते करायची गरज नाही! डीव्हीडीला अर्धी-अर्धी चित्रं चालतात, पुढचं टीव्ही बघून घेतो. तुम्ही आधीच सपाट केलं आणि २५ चित्रांवर आणलं, तर हालचालीतला अर्धा तपशील कायमचा गेला. फक्त कुठली रेघ आधी हे सॉफ्टवेअरला नीट सांगावं लागतं. ते उलटं झालं तर हार घालणारा नवरदेव दर क्षणी एक पाऊल पुढे, अर्धं पाऊल मागे असा थरथरतो. (आमचे काका त्या दिवशी तसेही थरथरत होते, पण तो दोष फॉरमॅटचा नव्हे.)

तिसरी गोष्ट, बिटरेट. एकथरी डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. संगणक तेच ४.३७ दाखवतो, कारण तो १०२४ ने भागतो. ४.७ अब्ज गुणिले ८ म्हणजे ३७.६ अब्ज बिट. आपल्याकडे १३५ मिनिटं, म्हणजे ८१०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला साधारण ४.६ मेगाबिट हाती येतात. त्यातून आवाजाचा वाटा काढा, थोडी जागा बांधणीसाठी सोडा, चित्राला उरले ४. डीव्हीडीची चित्रासाठीची कमाल मर्यादा ९.८ आहे, त्यामानाने ४ म्हणजे काटकसर. शिवाय डीव्हीडीला लागतो एमपेग-२, आणि तो जुना माणूस आहे. व्हीएचएसच्या मुंग्या त्याला मोलाचा तपशील वाटतात आणि तो त्यांच्यावरच सगळे बिट उधळतो.

इथे एक छान पळवाट आहे. डीव्हीडीच्या नियमात ७२० गुणिले ५७६ प्रमाणेच ३५२ गुणिले ५७६ हा आकारही बसतो. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेला तपशील मुळात कमीच असतो. ज्या २४० रेघा सांगतात, त्यांचा पूर्ण रुंदीवर हिशोब केला तर ३२० च्या आसपास भरतात. म्हणजे ३५२ पुरेसे झाले. उभ्या ५७६ रेघा मात्र सगळ्या ठेवायच्या, कारण इंटरलेसिंग त्यातच आहे. बिंदू निम्मे झाले, बिट तेवढेच राहिले, चित्र सुटसुटीत आलं. दोन फेऱ्यांत एनकोड केलं की पहिल्या फेरीत तो अवघड जागा हेरतो आणि दुसऱ्या फेरीत बिट तिकडे वळवतो. सगळं एफएफएमपेगने होतं, फुकटात.

आवाज

आता मुख्य गोष्ट.

या कॅसेटला आवाज म्हणून गाणी आहेत. मामाआजोबांनी मस्कतला परत गेल्यावर हौसेने, टेपरेकॉर्डर जोडून, संपूर्ण लग्नावर हिंदी गाणी चढवली आणि मग कॅसेट आजीकडे पाठवल्या. लहानपणापासून सुट्टीत गेलो की आम्ही ते लग्न गाण्यांसकट बघायचो. मंगलाष्टका चालू आहेत, भटजींचे ओठ हलतायत आणि वर गाणं. आजोबा येरझाऱ्या घालतायत, कोणाला तरी हाका मारतायत, वर गाणं. आजोबा २००१ मध्ये गेले, मी तेव्हा चार वर्षांचा होतो. त्यांचा आवाज मला आठवत नाही, आणि घरात तो दुसरीकडे कुठेही नव्हता.

व्हीएचएसमध्ये आवाज दोन ठिकाणी असू शकतो. एक साधा ट्रॅक टेपच्या कडेला, लांबीच्या दिशेने. पॅलची टेप सेकंदाला २.३४ सेंटिमीटर सरकते, म्हणजे गाण्याच्या कॅसेटच्या निम्म्या वेगाने, त्यामुळे तो आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. दुसरा हाय-फाय ट्रॅक. तो चित्राबरोबरच फिरत्या हेडने लिहिला जातो. आधी आवाज टेपच्या थरात खोलवर, मग त्याच जागेवर चित्र वरच्या थरात. हे दोन एकमेकांत असे गुंतलेले असतात की हाय-फाय आवाज बदलायचा तर चित्रही पुसावं लागतं. म्हणून 'ऑडिओ डब' केलं की बदलतो फक्त कडेचा साधा ट्रॅक. खालचा तसाच राहतो.

आजीकडचा व्हीसीआर साधा, मोनो होता. त्याला कडेचा ट्रॅक तेवढा वाचता यायचा. म्हणून आम्ही सगळी वर्षं गाणीच ऐकली.

मित्राच्या बाबांच्या व्हीसीआरवर आवाजाचं बटण आहे: हाय-फाय, नॉर्मल, मिक्स. कॅमकॉर्डर हाय-फाय असेल तरच काही मिळणार होतं. मी बटण हाय-फायवर केलं. गाणं नाहीसं झालं. भांड्यांचा आवाज, पोरांची रडारड, लाऊडस्पीकरवरचं काहीतरी, आणि मग अगदी कॅमेऱ्याजवळ एक घोगरा, घाईतला आवाज: "अगं, त्या तिसऱ्या पंगतीला मठ्ठा गेला का नाही?"

मी आईला फोन लावून तो कॉम्प्युटरच्या स्पीकरपाशी धरला. ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, परत लाव.

पुढच्या वीकांताला तिन्ही कॅसेट दोनदा कॅप्चर केल्या, एकदा हाय-फाय, एकदा नॉर्मल. दोन्ही वेळा चित्रही घेतलं, कारण दोन आवाज एकमेकांशी जुळवायला तीच खूण. दोन्ही फाईलींत फोटोग्राफरच्या फ्लॅशची तीच फ्रेम शोधायची आणि आवाज तिथे टेकवायचा. शेवटाला पुन्हा एक फ्रेम तपासायची. तिथे आवाज मागेपुढे असेल तर कॅप्चर करताना फ्रेम गळल्या आहेत असं समजावं.

एक अडचण

दुसऱ्या कॅसेटवर पंगतीच्या शेवटी कॅमेरा कुठेतरी टेकवून ठेवलेला आहे. चित्रात नुसती केळीची पानं आणि माणसांचे पाय. गाण्याबरोबर तो तुकडा आम्हाला विनोदी वाटायचा. गाण्याखाली मात्र आजोबा आपल्या थोरल्या भावाशी बोलतायत: "अप्पा, हॉलवाल्याचे पाच हजार कमी पडतायत. सोसायटीचं कर्ज आलं की देतो. हिला कळू देऊ नका."

हिला म्हणजे आजीला.

आता काय करायचं? तांत्रिक उत्तर सोपं होतं. तेवढी चाळीस सेकंदं गाणं ठेवायचं, कोणाला कळणारही नाही. मामाआजोबांनी एकदा झाकलंच होतं (त्यांनी ते ऐकून झाकलं की नुसत्या हौसेपोटी, हे विचारायला आता तेही नाहीत). पण ज्या बाईपासून ते लपवायचं होतं तिला मी विचारायचं नाही आणि परस्पर ठरवायचं, हे काही पटेना. मी वाईला गेलो. लॅपटॉप पाटावर ठेवला, हेडफोन आजीच्या कानाला लावले आणि ती चाळीस सेकंदं ऐकवली.

आजीने ऐकलं. हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले.

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "जाऊबाईंनी सांगितलं. मला कळलंय हे ह्यांना मी कळू दिलं नाही, एवढंच."

"मग काढू का ते?"

"कशाला? चोरी केली होती का त्यांनी? राहू दे. पण तुझ्या मावशीला विचार, लग्न तिचं आहे."

मावशीला विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "राहू दे. आणि गाणीही ठेव हं, ती पण माझ्याच लग्नाची आहेत." इथे लिहायलाही दोघींची परवानगी आहे.

बांधणी

इथे डीव्हीडी हा जुना फॉरमॅट कामाला आला. एका चित्राबरोबर आठ ऑडिओ ट्रॅक ठेवायची सोय त्यात पहिल्यापासून आहे. पहिला ट्रॅक खरा आवाज, दुसरा गाणी. दोन्ही एसी-३, ४८ किलोहर्ट्झ, १९२ किलोबिट. रिमोटवरचं 'ऑडिओ' बटण दाबलं की १९९५ चा हॉल, परत दाबलं की मस्कतचा टेपरेकॉर्डर. बांधणी डीव्हीडीऑथर या फुकट सॉफ्टवेअरने केली. मेनू मुद्दाम ठेवला नाही, तबकडी घातली की थेट चित्र सुरू. चॅप्टर मात्र पाडले: सीमांतपूजन, हळद, मंगलाष्टका, सप्तपदी, पंगत, पाठवणी. चित्राच्या तळाशी व्हीएचएसची जी थरथरती पट्टी असते, ती कापली नाही, नुसती काळी केली. कापून चित्र ताणलं असतं तर रेघांचा सगळा मेळ बिघडला असता.

पाच प्रती केल्या. रिकाम्या तबकडीवरचा थर सेंद्रिय रंगाचा असतो, तो कायम टिकत नाही. म्हणून अस्सल फाईली दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरी ठेवल्यात. तबकडी बघण्यासाठी, फाईल टिकवण्यासाठी.

तुमच्याकडे अशा कॅसेट असतील तर दुकानात द्यायच्या आधी एकच करा. व्हीसीआर हाय-फाय आहे का ते विचारा आणि दोन्ही ट्रॅक ऐकवायला सांगा. सगळ्याच कॅसेटमध्ये खाली काही नसतं. कॅमेरा साधा असेल किंवा स्टुडिओवाल्याने मिक्सिंग करून नवी कॅसेट काढली असेल, तर खाली-वर एकच गाणं. पण बटण दाबून बघायला दोन सेकंद लागतात, आणि टेप काही आपल्यासाठी थांबत नाही.

बाकी आजीने तबकडी तीनदा बघितली म्हणे. ऑडिओचं बटण कुठलं ते दाखवलंय, अजून एकदाही दाबलेलं नाही. मठ्ठा तिसऱ्या पंगतीला पोचला होता, असा खुलासा मात्र तिने फोनवर केलाय.