काट्यावर नजर

यंत्र या विषयात माझी मजल टेबलफॅनच्या पुढे कधी गेली नाही. तोही फिरेनासा झाला तर मी त्याला एक टप्पल मारतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर वायरमनला बोलावतो. बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली वीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशांवर नजर ठेवून स्वतःचं घर चालवतो आहे. अशा माणसाला कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, भर जूनमध्ये, एका म्हाताऱ्या गाडीच्या इंजिनाचा ताप मोजायला बसवणं हा त्या इंजिनावर अन्याय होता. पण दाजींपुढे कोणाचं काही चालत नाही.

दाजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. ऐन तरुणपणी लॉस एंजेलिसला गेले आणि तिथेच रुळले. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, फार तर भजनाला जातात. दाजींनी १९७६ सालचं मोटरहोम घेतलं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं वन-रूम-किचन. गाद्या, ओटा, शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, सगळं २६ फुटांत. आमच्याकडे एवढ्या जागेत चार माणसं राहतात आणि शिवाय गावाकडचा एक भाचा कॉलेजसाठी ठेवून घेतात. जीएमसीची ही गाडी १९७३ ते १९७८ एवढीच वर्षं निघाली, त्यामुळे तिचे भक्त अजून तिला देव्हाऱ्यात ठेवतात. इंजिन साडेसात लिटरचं. आमच्या साहेबांच्या जुन्या मारुतीसारख्या नऊ मारुत्या एकत्र जुंपल्या तरी थोडं कमीच पडेल.

ताईच्या मते मात्र दाजींनी निवृत्तीचे पैसे देऊन भंगार विकत घेतलं होतं. आधीच्या दोन सहलींत ते भंगार रस्त्यातच बसलं होतं. या खेपेला निघायच्या आदल्या रात्री तिने जेवताना शांतपणे जाहीर केलं, "आता बंद पडली, की मी पुन्हा हिच्यात पाय ठेवणार नाही. आणि ही दारातही राहणार नाही." ताई आवाज चढवत नाही तेव्हाच खरी भीती असते. दाजी हसले, पण नंतर मला गॅरेजमध्ये नेऊन म्हणाले, "एवढी ट्रिप पार पडली पाहिजे रे. तू माझ्या शेजारी बसायचं आणि फक्त हा काटा बघायचा. दर पाच मिनिटांनी आकडा सांगायचा. तुला आकड्यांची सवय आहे."

सकाळी निघालो. वीस मिनिटांत मी ओरडलो, "दाजी, १९०! पाणी १०० ला उकळतं!"

"ते सेंटिग्रेड. हे फॅरनहाइट. इथे पाणी २१२ ला उकळतं."

"म्हणजे २१२ ला थांबायचं?"

"नाही. रेडिएटरचं झाकण कुकरसारखं असतं. आत दाब राहतो, म्हणून पाणी अडीचशेपर्यंतही उकळत नाही. पण २३० झाले की मला सांग."

बँकेत असे नियम पाहिले होते. मर्यादा एक, तिच्यावर सवलत दुसरी आणि साहेबांची तोंडी परवानगी तिसरी. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

कहोन पासचा चढ लागला तेव्हा पुढून विमान उडाल्यासारखा आवाज आला. मी सीटला घट्ट धरून बसलो. दाजी म्हणाले, "पंखा आहे. इंजिन तापलं की तो जोरात फिरायला लागतो. आवाज आला म्हणजे चांगलं." संसारात मी नेमका उलटा नियम शिकलो आहे, पण बोललो नाही.

घाट पार पडला. मागे ताई आणि आमची ही चालत्या गाडीत चहा करत होत्या. दुपारी मोजावे वाळवंटातलं बेकर हे गाव आलं. या गावात काय असावं? थर्मामीटर! साधासुधा नव्हे, १३४ फूट उंच. जवळच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५७ सेंटिग्रेड तापमान नोंदलं गेलं, त्याची आठवण म्हणून फूटही १३४. तोवर मी इतका मुरलो होतो, की सवयीने तोही आकडा वाचला, "१११!" दाजींचा चेहरा क्षणभर उजळला. इंजिन इतकं गार कसं, म्हणून त्यांनी काट्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. पुढचा मैलभर आमच्यात संभाषण झालं नाही.

बेकर हजार फुटांच्याही खाली आहे आणि तिथून रस्ता सरळ चार हजार फुटांवर चढतो. आपला खंडाळा दोन हजारांचा. इंजिन तापू नये म्हणून वातानुकूलन बंद करा, अशी पाटीच तिथे लावली आहे. दाजींनी ते बंद केलं, आणि नंतर जे केलं ते पाहून माझी खात्री पटली की ऊन त्यांना लागलं आहे. त्यांनी हीटर चालू केला.

"हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच," दाजी घाम पुसत म्हणाले. "इंजिनाची उष्णता तेवढीच आपण वाटून घ्यायची."

बाहेर १११, आत हीटर. मागून आमची ही म्हणाली, "दाजी, पापड वाळत घालू का?"

मी आकडे सांगत होतो. २०५. २१२. २१८. २२४. आणि मग देव पावला. २१५, २००, १८०. "बघ हीटरची करामत!" दाजींनी स्टिअरिंगवर ताल धरला. १६० झाले. पायांवरचा वाराही गार झाला.

पण मला काही चैन पडेना. आमच्या शाखेत वर्षभर दमडी न भरणारं कर्जखातं मार्चअखेर एकदम चकाचक झालं, तर कुठलाही जुना कारकून आनंदाने नाचत नाही. तो व्हाउचर मागतो. चढ तोच, ऊन तेच, वजन तेच. मग उष्णता गेली कुठे? हीटर चालू असताना वारा गार कसा? आणि हा कसला गोडसर, करपल्यासारखा वास येतोय?

आमचे अण्णा एस. टी.त ड्रायव्हर होते. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात मी त्यांच्या शेजारी, इंजिनाच्या बॉनेटजवळ बसत असे. त्यांच्या गाडीतला काटा कधीच मेलेला होता. अण्णा मधूनमधून डावा तळहात बॉनेटवर ठेवायचे, क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे किंवा गाडी बाजूला घ्यायचे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "काटा खोटं बोलंल. पत्रा न्हाई बोलत." मला मात्र त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "तू शीक," एवढंच म्हणायचे.

दाजींच्या या गाडीचं इंजिनही पुढे, दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली. मी वाकलो, तळहात ठेवला आणि तसाच उचलला.

"दाजी, गाडी बाजूला घ्या."

"काटा तर दीडशेवर आहे!"

"म्हणूनच घ्या."

मागून ताईचा आवाज आला, "घ्या हो. अण्णा असाच हात लावायचे."

दाजींनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागे रस्त्यावर लांबलचक ओली रेघ. गाडीचा काही दोष नव्हता. दाजींनीच आठवड्यापूर्वी रबरी पाइप बदलला होता आणि त्याची क्लिप आवळायची थोडी राहून गेली होती. काट्याची तार ज्या कळीला जोडलेली असते ती पाण्यात बुडलेली असेल तोवर खरं सांगते. पाणीच निघून गेलं, की ती कोरडी पडते आणि "सगळं ठीक" म्हणून कळवते. आणखी दोनचार मैल गेलो असतो तर इंजिन गेलं असतं. मागोमाग गाडीही.

तापलेलं झाकण उघडायचं नाही हे मला अण्णांमुळे ठाऊक होतं. गाडीच्या सावलीत तास-दीड तास बसलो. मग दाजींनी क्लिप आवळली, झाकणावर जाड फडकं टाकून ते हळूहळू उघडलं, आणि रेडिएटरमध्ये पाणी घातलं ते स्वयंपाकघराच्या नळाचं. ताई स्वतः पातेली भरून देत होती.

तिची आदल्या रात्रीची घोषणा सगळ्यांच्याच लक्षात होती. दाजी तर तिच्याकडे बघतही नव्हते. शेवटचं पातेलं देऊन ताई पदराला हात पुसत म्हणाली, "बंद पडली नाही. आपण बंद केली. फरक आहे त्यात."

दाजींनी सोडलेला सुस्कारा त्या पंख्यापेक्षा मोठा असावा.

पुढे चारशे मैल मी काट्याजवळच बसलो. दर पाच मिनिटांनी आकडा सांगायचो, आणि आकडा चांगला आला, की हळूच झाकणाला हात लावून बघायचो. एकदा मागे वळून पाहिलं तर ताई माझ्या हाताकडेच बघत होती. मग ती उठली आणि चहाला आधण ठेवते म्हणून ओट्याकडे गेली. चहा नुकताच झाला होता.