गोदेची वाळू आणि पस्तिसावा हिस्सा

शहागड, ता. अंबड



जर्मन चिलखती गाडीच्या प्रतिकृतीखाली पसरण्यासाठी भाच्याने गोदावरीची पिशवीभर वाळू मागितली, इथवर तक्रार नव्हती. परंतु ‘गाडी नेमकी झाली की झाले, खालची माती कशीही चालते’ हे जे वाक्य त्याने शेवटी जोडले, ते नदीकाठी उभा जन्म काढलेल्या माणसाला झोंबणारच. डायोरामा, म्हणजे प्रतिकृतीला तिच्या भूमीसह आणि माणसांसह एखाद्या प्रसंगात बसविणारा देखावा, हा मुळात जमिनीचाच असतो. ज्याने दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव वेळेत उगवावे म्हणून चार दिवस आधीपासून माती भिजत ठेवली, आणि दरवाजापेक्षा मावळा उंच झाला म्हणून दरवाजा पाडला, त्याने असे लिहावे याचे आश्चर्य अधिक.

वाळू पाठविली जाणार नाही. भाच्याच्या प्रतिकृतीचे एकास पस्तीस हे प्रमाण तामिया या जपानी कंपनीच्या पँथर रणगाड्याच्या प्रतिकृतीपासून रूढ झाले, आणि तेही आत मोटर व बॅटरी मावावी एवढ्याच साध्या कारणाने. परंतु त्या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण साडेसतरा मिलिमीटरचा, म्हणजे बोराएवढा गोटा ठरतो, आणि अशा गोट्यांच्या राशीला नदीकाठ कोणी म्हणणार नाही. त्याऐवजी पूर ओसरल्यावर काठावर बसणारा गाळ वाळवून, वस्त्रगाळ करून पाठविला आहे. त्यात काळ्या मातीचा अंश असल्याने तो सुकताना आक्रसतो व भेगाळतो. म्हणून फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यात कालवावा आणि एक थर पुरता वाळल्यावाचून दुसरा देऊ नये. घाई हा भाच्याचा जुना रोग आहे.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात भाच्याने जी ‘श्वेरर पान्झरश्पेवागन’ पाहिली, त्या नावाचा अर्थ जड टेहळणी चिलखती गाडी असा होतो. या कुळातील आठचाकी गाडीची आठही चाके वळत असत आणि मागच्या बाजूसही चालकाची जागा असे, जेणेकरून शत्रू दिसताच न वळता माघार घेता यावी. तिची पावणेसहा-सहा मीटरची लांबी प्रतिकृतीत सुमारे सतरा सेंटिमीटर भरते. तिला राखाडी रंग देऊन, भाच्याच्या बेताप्रमाणे, एप्रिल १९४५ च्या इटलीत उभे करणे मात्र चुकीचे, कारण फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन वाहनांचा मूळ रंग गडद पिवळा ठरला होता.

आणि देखाव्यासाठी तिथल्या सेनिओ नदीचा काठ निवडला, तर त्यावर माणूस कुठे आहे? ९ एप्रिल १९४५ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून नेले, पुन्हा बांध ओलांडून मशीनगनची तीन ठाणी एकट्याने गप्प केली आणि त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पस्तिसाव्या हिश्शात असा माणूस जेमतेम पाच सेंटिमीटरचा होतो, पण बांध त्याच्याहून उंच आणि ओला दिसला नाही, तर त्याने वाहिलेल्या ओझ्याचा अर्थच उरत नाही. ही माती कशीही कशी चालेल?

भाच्याने पाठविलेल्या छायाचित्रात मात्र आणखी एक गोष्ट दिसली, ती न लिहिता राहवत नाही. खिडकी बंद, दिवा नाकाशी, आणि चहाच्या कपाला खेटून थिनरची वाटी. थिनर, म्हणजे रंग पातळ करणारा द्रव, बंद खोलीत डोके चढवितो, डोळे चुरचुरवितो, आणि ब्रश एखाद्या रात्री कोणत्या पात्रात बुडेल याचा भरवसा नाही. ताईला हे अद्याप कळविलेले नाही. गाळाची पुरचुंडी येत्या रविवारी एसटीने येणाऱ्याबरोबर पोहोचेल. तोवर निदान कप तरी दुसऱ्या टेबलावर ठेवावा.